परतीचं भाडं

पळून गेलेला मजूर दिसला तर मळेवाल्यानं त्याला वॉरंटशिवाय, पोलिसाची वाट न बघता, स्वतःच धरून आणावं अशी मुभा बंगाल सरकारनं १८६५ साली आसामच्या चहामळेवाल्यांना दिली. पुढे कायदे बदलले, कलमं इकडची तिकडे झाली, पण ही मुभा थोड्याफार फरकानं १९०८ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या वर्षी टिळकांना मंडालेला धाडलं, त्याच वर्षी आसामातल्या साहेबाचा स्वतःच्या मजुराला स्वतः अटक करायचा हक्क संपला. पहिली गोष्ट शाळेत तारखेसकट पाठ करून घेतली होती. दुसरी कळली ती बँकेच्या नोकरीत बदली होऊन दक्षिण आसामातल्या बराक खोऱ्यात राहायला गेल्यावर.

चहाचा इतिहास म्हणून आपल्यापुढे जे येतं ते बहुतेक पानाचं असतं. १८२३ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूसला सिंगफो लोकांकडे चहाची झुडपं असल्याचं कळलं, ते मणिराम देवानमुळे. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी निघाली. (मणिराम देवाननं पुढे स्वतःचे मळे लावले, आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याला जोरहाटला फासावर दिलं. गोष्टीचं हे शेपूट चहाच्या डब्यावरच्या मजकुरात येत नाही.) झुडूप मिळालं, रोपं लागली, चिनी कारागीर आणून पान वळायचं आणि भाजायचं कसं तेही शिकून झालं. घोडं अडलं ते माणसांवर.

आसामी शेतकऱ्याकडे स्वतःची जमीन होती, त्याला दुसऱ्याच्या मळ्यावर राबायची गरज नव्हती. कछारी या स्थानिक जमातीचे लोक कामाला यायचे, पण शेतीचे दिवस आले की गावी परतायचे आणि मजुरीवरून खटकलं तर सगळे मिळून काम बंद पाडायचे. अशा माणसांवर मळा कसा चालणार? सरकारनं १८६० च्या सुमारास अफूची लागवड बंद केली, अफू विकायचा मक्ता मात्र स्वतःकडे ठेवला. वर सारा आणि नवे कर वाढवायचं घाटलं. हातात रोकड हवी झाली की लोक आपोआप मळ्याकडे वळतील, असा मळेवाल्यांचा आणि काही अधिकाऱ्यांचा हिशोब होता. लोक वळले ते रस्त्यावर. १८६१ मध्ये नगावजवळ फुलागुडीला शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि लेफ्टनंट सिंगर नावाचा अधिकारी त्यात मारला गेला. मळे रिकामेच राहिले.

मग माणसं बाहेरून आणायचं ठरलं. छोटा नागपूर, संथाळ परगणा, मानभूम, ओडिशा, मद्रास इलाख्यातलं गंजाम, आजच्या उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडचे गोरखपूर-बस्ती हे जिल्हे, आणि नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतातला छत्तीसगडचा मुलूख. दुष्काळ पडला, सावकारानं जमीन गिळली, उठाव मोडून काढला गेला की त्या भागात अरकाटी हजर. अरकाटी म्हणजे माणसं जमवणारा दलाल. झाड हलवलं की पैसे पडतात अशा थापा त्यानं मारल्या म्हणतात. खऱ्याही मारल्या असतील. पण दुष्काळी गावात थापेची फार गरज पडत नाही, दोन वेळच्या भाताची हमी पुरते. डेपोत नाव लिहिलं, अंगठा उठवला, की माणसाला भाव आला. पोचत्या माणसामागे दलालाला शंभराच्या घरात रुपये मिळू लागले, आणि त्या माणसाचा महिन्याचा पगार ठरलेला असायचा पुरुषाला ५ रुपये, बाईला ४, पोराला ३. एकट्या बायकांची डेपोतच कुणाशी तरी गाठ बांधून द्यायचे. अशा लग्नांना नावच ‘डेपो लग्न’ पडलं होतं.

तिथून आगबोट. ब्रह्मपुत्रेनं उलट्या प्रवाहात, फळ्यांवर कोंबलेली माणसं, कॉलरा. १ मे १८६३ ते १ मे १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात उतरवले गेले. जून १८६६ पर्यंत त्यातले ३० हजार मेले होते. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल म्हणून दुसरीकडे पडताळून पाहिला. तिथेही तोच होता.

आता मुद्द्याकडे येते. मॉरिशसला किंवा त्रिनिदादला गेलेल्या गिरमिट्यांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. मॉरिशसला आपल्या कोकणातलीही माणसं गेली, तिथे आजही मराठी आडनावं आहेत. त्यांच्या करारात, निदान काही काळ, मुदत संपल्यावर परतीच्या प्रवासाचं कलम होतं. आसामच्या मजुराला तशी हमी नव्हती. कारण कागदोपत्री तो देशातल्या देशातच चालला होता. समुद्र ओलांडला नाही, मग परदेश कसला? रांचीहून दिब्रुगडला पोचायला काही आठवडे लागोत, वाटेत निम्मं घर मरो, सरकारी भाषेत तो बाजूच्या जिल्ह्यात कामाला गेला होता. आणि परतीचं भाडं महिन्याला पाच रुपये मिळवणाऱ्यानं कुठून आणायचं?

माझी अशी समजूत झाली आहे की आसामच्या मळ्यांचा सगळा कारभार माणसं आणण्याभोवती कधीच फिरत नव्हता, तो माणसं जाऊ न देण्याभोवती फिरत होता. १८५९ चा तेरावा कायदा: उचल घेऊन काम सोडलं तर तो फौजदारी गुन्हा. दिवाणी वाद नाही, गुन्हा. १८८२ च्या कायद्यानं कराराची मुदत पाच वर्षांपर्यंत नेली. करार संपत आला की नवी उचल हातावर ठेवायची, पुन्हा अंगठा. वस्तीला ‘लाइन’ म्हणतात, कारण खोल्या एका रांगेत असतात. त्या लाइनीवर चौकीदार, रात्री हजेरी. आणि सगळ्यात हुशारीचं काम म्हणजे ‘खेत’: मळ्याच्या कडेला, चहाला निरुपयोगी अशा सखल जागेत भातापुरता तुकडा. मजूर तो तुकडा कसतो, दोन गाई बांधतो, आणि मग त्याला जायचं जिवावर येतं. चौकीदाराला पगार द्यावा लागतो, खेताला नाही.

याच काळात रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या गिरणीत जात होता. त्याचे हाल काही कमी नव्हते; चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांनी पाळीपाळीनं झोपायचं. पण शिमगा आला, पेरणी आली, की तो बोट धरून गावी जाई आणि गिरणीमालक तक्रार करत बसत की ही माणसं टिकत नाहीत. त्याचं एक पाऊल गावात राहिलं, म्हणून संप झाला की तो गावी जाऊन तग धरू शकायचा. आसामच्या मळेवाल्यांनी नेमकं तेच पाऊल तोडलं.

हे चालू असताना कुणी बोलत नव्हतं असं नाही. ब्राह्मो समाजाचे रामकुमार विद्यारत्न धर्मप्रचारासाठी आसामात गेले आणि मळ्यांवरची हकीकत घेऊन परतले. द्वारकानाथ गांगुली स्वतः तिकडे फिरले आणि १८८६-८७ च्या सुमारास त्यांनी ‘संजीवनी’ आणि ‘बेंगाली’ या वृत्तपत्रांतून लेखमाला चालवली. हे म्हणजे डॉक्टर कादंबिनी गांगुलींचे यजमान. आपल्याकडे आनंदीबाई जोशींच्या संदर्भात कादंबिनींचं नाव ऐकलेलं असतं. काँग्रेसला मात्र हा विषय आपला वाटायला १८९६ साल उजाडलं. तोवर तो ‘प्रांतिक’ प्रश्न होता. आणि गोऱ्या अधिकाऱ्यांतही एक निघाला, सर हेन्री कॉटन. आसामचा चीफ कमिशनर, म्हणजे प्रांताचा प्रमुख. मजुरांना वाढ द्या, इतकंच त्यानं लावून धरलं, तर मळेवाले त्याच्यावर तुटून पडले. मागणी होती महिन्याला एखाद्या रुपयाची.

माझी नेमणूक होती करीमगंजला. आता त्या जिल्ह्याचं नाव श्रीभूमी झालंय. मला अजून ते तोंडात बसत नाही. नोटबंदीनंतर चहामळ्यांचा पगार रोखीऐवजी खात्यातून द्यायचं फर्मान आलं आणि आम्ही फॉर्मांचे गठ्ठे, अंगठ्याची मशीनं आणि एक कंटाळलेला तंत्रज्ञ घेऊन मळ्यामळ्यांवर फिरायला लागलो. पगाराला तिथे ‘तलब’ म्हणतात. तलबेच्या दिवशी मळ्याच्या ऑफिससमोर बाजार भरतो: सुकी मासळी, प्लास्टिकच्या चपला, बांगड्या, गूळ. त्या गर्दीत आमचं टेबल.

एक म्हातारी टेबलाशी आली. मशीन तिचा अंगठा घेईना. डावा, उजवा, मग तर्जनी, सगळं करून झालं. पान खुडणाऱ्यांची बोटं जवळून पाहिली तर कळतं: नखाजवळचं कातडं कडक होतं, भेगा पडतात आणि त्या भेगांत चहाचा चीक काळा होऊन बसतो, धुऊन जात नाही. रेघा राहतच नाहीत. तिनं शांतपणे अंगठा कपाळावर घासला, डोक्याचं तेल लावलं आणि पुन्हा ठेवला. मशीननं घेतला. ही युक्ती तिला कुणी शिकवली कोण जाणे. रेशनच्या दुकानात शिकली असणार. आमच्या तंत्रज्ञाला ठाऊक नव्हती.

फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ असा रकाना होता. मळ्याचे बाबू सगळ्यांच्या फॉर्मवर न विचारता लाइनीचा नंबर लिहीत होते. मी उगाच तिला विचारलं, मुलूख कुठला? म्हणाली, गोरखपूर. गाव? गावाचं नाव तिनं सांगितलं, ठाणं माहीत नव्हतं. कधी गेली होतीस? ती हसली. आजाकडून ऐकलेलं होतं सगळं. मग तिनं मला विचारलं, “दीदी, तोमार मुलुक?” महाराष्ट्र म्हटल्यावर तिला फारसा बोध झाला नाही, बंबई म्हटल्यावर झाला. “जायला सोडतात?” हा तिचा पुढचा प्रश्न. सोडतात म्हणाले. ठरावीक वर्षांनी बँक गावी जायचं-यायचं भाडंही देते, हे तिला सांगितलं नाही. आमच्यात त्या भाड्याची बिलं वेळेवर पास होत नाहीत म्हणून केवढी चिडचिड चालायची!

ते मळे चारगोला आणि लोंगाई खोऱ्यांतले. १९२१ साली इथूनच माणसं उठून चालायला लागली होती.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा धान्य आणि कपड्यांचे भाव चढले होते आणि मजुरी जिथल्या तिथे होती. १९२० मध्ये लंडनच्या बाजारात चहा पडला. मळेवाल्यांनी काम कमी केलं, म्हणजे दिवसाकाठी चार पैसे जादा मिळायची सोयही गेली. असहकाराचं वारं करीमगंजपर्यंत पोचलं होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला राताबारीला सभा झाल्या. मजुरांनी आठ आणे रोज मागितला, साहेबांनी नाही म्हटलं, आणि ३ मेला अनीपूर मळ्यावरून साडेसातशे माणसं ‘गांधीमहाराज की जय’ म्हणत बाहेर पडली. मग दुसरा मळा, तिसरा मळा. जनावरं मिळेल त्या किमतीला विकली, पोरं खांद्यावर घेतली. म्हणत होते एवढंच: मुलुक चलो. काही दिवसांत दोन खोऱ्यांतून आठ हजारांच्या आसपास माणसं निघून गेली.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी मळा ताब्यात घेतला नाही, साहेबाचा बंगला जाळला नाही. ते फक्त निघाले. आणि मळेवाल्यांना जाळपोळीपेक्षा याचीच धास्ती जास्त होती.

करीमगंजहून आगगाडीनं चांदपूर, तिथून मेघना नदीतून बोटीनं गोआलंदो, पुढे पुन्हा आगगाडी, आसनसोल आणि मग गोरखपूर-बस्ती. असा रस्ता. चांदपूरला माणसं अडकली. भाड्याला पैसे नव्हते, आणि ज्यांना बोटीत चढवलं जात होतं त्यांनाही वरून हुकूम येऊन थांबवलं गेलं. स्टेशनाच्या आवारात हजारो माणसं, त्यात कॉलरा सुरू झाला. २० मेच्या रात्री आवार रिकामं करण्यासाठी गुरखा शिपाई सोडले गेले. झोपलेल्या माणसांवर, बायकापोरांवर बंदुकीचे दस्ते चालले. सरकारी कागदांत ही ‘जागा मोकळी करण्याची’ कारवाई आहे. सिल्हेटच्या मळ्यांवर आजही लोक सांगतात की मेघनेचं पाणी लाल झालं होतं. बांगलादेशातले चहामजूर २० मे हा आपला दिवस म्हणून पाळतात.

गांधीजींचे इंग्रज स्नेही सी. एफ. अँड्र्यूज चांदपूरला आले. त्यांनी कॉलऱ्यात सेवा केली आणि मग दार्जिलिंगला, जिथे सरकार उन्हाळा काढत होतं, जाऊन विनवणी केली: या लोकांना गावी जायचं भाडं सरकारनं द्यावं. उत्तर आलं की मालक आणि मजूर यांच्या भांडणात सरकार कुणाचीही बाजू घेत नसतं. काम सोडणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा तो १८५९ चा कायदा तेव्हाही पुस्तकात होता. तो रद्द व्हायला १९२६ उजाडलं. तटस्थपणाचं असं शुद्ध उदाहरण मी दुसरं वाचलेलं नाही.

चांदपूरची बातमी पसरली आणि आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी संप केला, आगबोटवाले त्यात सामील झाले. चितगावचे बॅरिस्टर जतींद्रमोहन सेनगुप्त पुढे झाले, संपकऱ्यांच्या पोटासाठी त्यांनी स्वतः कर्ज काढलं. ‘देशप्रिय’ हे बिरुद त्या दिवसांतलं. काही आठवडे पूर्व बंगालची वाहतूक ठप्प होती. पण याचा एक विचित्र परिणाम झाला: गाड्या आणि बोटी बंद, म्हणजे ज्यांच्यासाठी संप, तेच चांदपुरात अडकून. शेवटी लोकवर्गणीतून सोय होऊन ते आसनसोलच्या दिशेनं गेले. रेल्वेचा संप मोडला, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि ज्यांच्या नावाचा जयजयकार करत माणसं निघाली होती, त्या गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिलं की असहकाराचा लढा भांडवलाविरुद्ध नाही आणि सहानुभूतीचे असे संप त्यांना मान्य नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांनी या मजुरांना कधीच बोलावलं नव्हतं. त्या माणसांनी त्यांचं नाव परस्पर घेतलं होतं, आणि ज्या कामासाठी घेतलं ते काम त्या नावानं झालंही.

करीमगंज तेव्हा सिल्हेट जिल्ह्यात होतं. हा जिल्हा भारतात राहणार की पाकिस्तानात जाणार यावर १९४७ च्या जुलैत सार्वमत झालं. मळ्यांवरच्या मजुरांना त्यात मत नव्हतं. ही हलती वस्ती, तिचं इथे काय, असं कारण पुढे केलं गेलं. ऐंशी वर्षं ज्यांना हलू दिलं नाही, ती हलती वस्ती! सिल्हेट पाकिस्तानात गेलं, करीमगंजचा काही भाग भारतात राहिला, आणि एकाच मुलुखातून आणलेली माणसं सीमेच्या दोन बाजूंना विभागली गेली. तिकडे २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मोठा संप केला. रोज १२० टाका होता, मागणी ३०० ची होती, पंतप्रधानांनी १७० ठरवून दिले. इकडे आसामात ऑक्टोबर २०२३ पासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २५० रुपये झाले आणि बराकमध्ये २२८. दोन खोऱ्यांत पान खुडायची रीत एकच आहे, पाठीवरची टोपली एकच आहे, बावीस रुपये कशाचे ते मला कुणी नीट सांगू शकलं नाही. झारखंडातला उराँव किंवा मुंडा अनुसूचित जमातीत मोडतो. त्याचाच भाऊबंद आसामच्या मळ्यावर असला तर मोडत नाही. कारण तो इथला नाही.

अंगठा आता कुणी करारावर घेत नाही. मी होते त्या काळात लाइनीतली तरणी पोरं बंगळूरला, केरळात, चेन्नईला जात होती: हॉटेलात, बांधकामावर, सिक्युरिटीत. आमच्या शाखेत त्यांचे पैसे यायचे, बाराशे, दोन हजार. त्यांना धरून आणणारं कुणी नव्हतं. पण घर मळ्याचं असतं, घरातलं कुणी तरी ‘पर्मनंट’ असेल तोवरच राहतं. म्हणून एक जण मागे राहतोच, बहुतेक वेळा आई किंवा सून. त्या म्हातारीनं खातं उघडलं ते स्वतःसाठी नव्हतं. ती पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती आणि तिच्या जागेवर सुनेचं नाव लागायचं होतं. तोवर मुलगा तमिळनाडूत कुठल्याशा सूतगिरणीत गेलेला होता. सुनेला जायचं होतं त्याच्याकडे. बाबूंनी तिलाही एक फॉर्म भरायला लावला.